जो उचलीन तो मामा

इंद्रभानचं नाव काढलं की अजूनही माह्या हातातली कात्री वाकडी जाते. हा माह्या मोठ्या बहिणीचा नवरा. बहीण, चतुरा, गेली, अन् तिचं वर्षश्राद्ध व्हायच्या आधी यानं दुसरी आणली, रूपला. आणली तं आणली. पण रूपलाच्या मागं तिचा भाऊ विकासही घरात शिरला. दर आठवड्याले तो मंगरूळपीरहून मेडशीत येते, पलंगावर तंगड्या पसरून बसते, अन् बाह्या कापलेल्या बनियनमध्ये मोबाइलसमोर उभं राहून स्वतःच्याच दंडाचा मुका घेते. दंडावर वाघ गोंदलेला. वाघालेही लाज वाटत असन.

मी वैजयंती. रिसोडात पोलके शिवते. नवरा होता, मी सोडला. लोक म्हणतात त्यानं सोडली. म्हणू द्या, लोकांच्या तोंडाले काज-बटण लावायचा धंदा मी करत नाही.

आमी दोघी बहिणीच, भाऊ नाही. म्हणजे चतुराच्या पोरीले, वैभवीले, सख्खा मामा नाही. अन् आमच्याकडे नवरी आपल्या पायानं बोहल्यावर जात नाही. मामा तिले खोलीतून दोन्ही हातांवर उचलते अन् अंतरपाटासमोर नेऊन उभी करते. तिचं सगळं माहेर त्या दोन हातांवर असते, असं आमची आजी म्हणे. बाकी लग्नात काही कमी-जास्त झालं तं चालते, यात चालत नाही.

संक्रांतीनंतर मेडशीत वैभवीचा साखरपुडा झाला. पोरगा वाशीमचा, उत्कर्ष, बरा वाटला. जेवणं झाली, भावकी पानसुपारी खात बसली, अन् इंद्रभान पाहुण्यांसमोर छाती काढून म्हणते, "मामाची फिकीर करू नका. आमचा विकास हाये ना. एका हातानं उचलीन पोरीले."

सगळ्यांनी विकासच्या दंडाकडे पाह्यलं. त्यानं बाही अजून वर सरकवली. मी वैभवीकडे पाह्यलं. पोट्टीचं तोंड पांढरं पडलं होतं.

मी भांड्यांचं निमित्त करून तिले मागच्या मोरीपाशी नेलं. तिनं माहं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"मावशी, त्याचे हात मले लागू देऊ नको."

"काय केलं त्यानं?"

"नेहमीचंच. चहाचा कप घेताना, गाडीवर बसताना. मामा-मामा म्हणते, अन् ठेवलेला हात काढतच नाही. आता सगळ्या गावासमोर उचलीन, अन् मले हसावं लागन."

माह्या आंगाचा भडका झाला. वाटलं, ताटाखालचा पाट नेऊन घालावा त्याच्या डोक्यात. पण मी आधी बापाले सांगायचं ठरवलं. बाप हाये ना? असायले पायजे ना? इंद्रभानले गोठ्यात बोलावलं अन् सरळ सांगतलं.

त्यानं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "पोट्टीच्या डोक्यात तूच भरवून राह्यली हे. मामा हाये तो तिचा! लाडानं हात ठेवला असन."

"लाडानं तुमच्या डोक्यावर ठेव म्हणा त्याले."

"तोंड सांभाळ, वैजू. स्वतःचं लग्न मोडलं, आता तिचं मोडायचं हाये का? हे बाहेर गेलं तं नाव कोणाचं खराब होईन? विकासचं? नाही. पोट्टीचं."

हेच मले जास्त झोंबलं, कारण एवढं एकच तो खरं बोलला होता. नाव पोट्टीचंच खराब होते. म्हणून माणसं असे हात ठेवतात, अन् म्हणून ते हात तिथंच राह्यतात.

मी गोठ्यातून निघाली ते सरळ भावकीच्या मधात जाऊन उभी राह्यली. "वैभवीले मी उचलीन. मामा नाही तं मावशी. माय गेली, तिच्या जागी मी."

आधी कोणाले कळलंच नाही. मंग हशा पिकला. विकास तं पलंगावर लोळला. इंद्रभान म्हणे, "तुह्या दुकानाचं शटर रस्त्यानं जाणारे लोक वर करतात. तू पोरगी उचलतं?"

"उचलीन."

"मंग आत्ताच दाखव ना!"

रागात माणसाची अक्कल जाते. मी वैभवीले कवेत घेतलं, उचललं, दोन पावलं टाकली, अन् हातांतला जीवच गेला. दोघीही रांगोळीत बसलो. माह्या लुगड्याले गुलाबी रंग लागला. विकास मोबाइल धरून शूट करत होता अन् ओरडत होता, "अजून एकदा, मावशी! रिटेक!"

मले रडू आलं. मी गिळलं. वैभवी रडली नाही, ती नुसती माह्याकडे पाहत होती. ते जास्त वाईट.

तेव्हा इंद्रभान मस्तीत आला. मिशीवर हात फिरवून म्हणते, "असं करू. लग्नाच्या दिवशी खोलीपासून बोहल्यापर्यंत आण पोरीले उचलून. जो उचलीन तो मामा! भावकीसमोर शब्द देतो, जाय."

गंमत म्हणून बोलला तो. पण भावकीतले मोठे, रामकिसनबुवा, तिथंच बसून होते. म्हातारा कधी हसत नाही. त्यांनी सुपारी तोंडातून काढली अन् म्हटलं, "बोलला हाये इंद्रभान. आमी ऐकलं हाये." मेडशीत भावकीसमोर बोललेलं मागं घेतलं तं पुढच्या पंगतीत त्या घरचं पान मांडत नाहीत. इंद्रभानचं हसू थोडं आखडलं. पण थोडंच. मी काय उचलणार, हे त्याले पक्कं माहीत होतं.

रिसोडात माह्या दुकानाच्या बाजूले अख्तरीआपाचं धान्याचं दुकान हाये. तिचा पोरगा इमरान वरच्या मजल्यावर जिम चालवते. दुपारी बायांची वेळ असते. दुसऱ्याच दिवशी मी जिना चढून गेली अन् त्याच्यासमोर उभी राह्यली.

"ताकद पायजे. दंड नको."

"म्हणजे, मावशी?"

"म्हणजे एक पोट्टी दोन हातांवर उचलून मांडवभर चालता आलं पायजे. पण हात फुगले नाही पायजे. गावभरच्या पोलक्यांच्या बाह्या मी शिवते, माह्याच बाहीत माहा हात अडकला तं लोक काय म्हणतीन? एकटी बाई, त्यात पैलवान झाली."

इमरान हसला. मी म्हटलं, "हसायचे पैसे देत नाही मी." त्यानं हसू आवरलं. पोरगा तसा शहाणा हाये.

"मावशी, बाईचे दंड असे फुगत नाहीत. पोट्टे वर्षानुवर्षं घाम गाळतात, ढीगभर खातात, तरी रडतात की फुगून नाही राह्यले म्हणून. तुमची आधी ताकद येईन, दंड नाही येणार. भेव सोडा."

विश्वास ठेवते ती मी कायची? पण दुसरा इलाज नव्हता.

त्यानं आधी भिंतीसमोर उभं केलं. भिंतीवर हात ठेवायचे, आंग पुढं न्यायचं, मागं ढकलायचं. एवढंच. मी म्हटलं, हे काय पोरखेळ लावला? पण पोरखेळानंच दुसऱ्या दिवशी वेणी घालायले हात वर जाईना. मशीनवर बसली तं खांदे ठणकत होते. इमरान म्हणे, आज आराम. मी म्हटलं, आराम विकास करून राह्यला का? तो म्हणे, विकास कोण? मी म्हटलं, तुले काय करायचं.

मंग भिंतीवरून टेबलावर आली, टेबलावरून जमिनीवर, गुडघे टेकवून. जमिनीकडे तोंड करून हातांवर उतरताना मले खाली इंद्रभानचं थोबाड दिसे. मंग हात आपोआप सरळ होत. बाजूची एक बाई विचारते, "काय वो ताई, वजन कमी करायचं का?" मी म्हटलं, "एकाचा माज उतरवायचा हाये." तिनं मंग कधी विचारलं नाही.

उचलायचं शिकायले इमराननं खालून धान्याचा एक कट्टा, पोतं, आणला, त्यात थोडी तूर. दर आठवड्याले अख्तरीआपा त्यात एक पायली तूर वाढवायची. मी कट्टा हात लांब करून उचलायची, कारण मनात यायचं की नवरीचा शालू चुरगळू नये. इमरान ओरडे, "छातीले लावा! जवळ धरलं तं हलकं, दूर धरलं तं जड. अन् कंबर वाकवू नका, गुडघ्यातून बसा." मी म्हणायची, "तू शालू शिवला का कधी?" तो म्हणे, "तुमी कट्टा उचलला का कधी?" असं रोज चालायचं.

अन् दर रविवारी मी दुकान बंद करून टेप काढायची अन् स्वतःचा दंड मोजायची. भेव गेलं नव्हतं ना. टेपचा आकडा हलू नये म्हणून मी काय केलं, जेवण अर्ध्यावर आणलं. वरून सोमवारचा उपास, गुरुवारचा, एकादशी. साबुदाण्याचे दोन घास अन् चहा. देवही खूश अन् दंडही बारीक, असा हिशेब. माह्याएवढी अडाणी मीच.

फाल्गुनात एका दुपारी, एकादशीच्या दिवशी, कट्टा छातीपर्यंत आला अन् डोळ्यांपुढं काळोख झाला. मी कट्ट्यासकट खाली. कट्टा फुटला, तूर सगळ्या जिन्यावरून अख्तरीआपाच्या गल्ल्यापर्यंत गेली.

इमराननं पाणी पाजलं. मंग विचारलं, "सकाळपासून काय खाल्लं?"

"उपास हाये."

"अन् काल?"

मी सांगतलं. पोरगा चिडला. पहिल्यांदाच माह्यावर आवाज चढवला त्यानं. "मावशी, रोजे आमीही ठेवतो. पण संध्याकाळी जेवतो! दंड फुगायच्या भेवानं तुमी हातांलेच उपाशी मारून राह्यल्या. हातात ताकद येईन कुठून? पोरगी काय उपासाच्या भरवशावर उचलता?"

मी त्याले दोन शिव्या दिल्या. अख्तरीआपा खालून तूर गोळा करत म्हणाली, "देना है तो शिव्या दे, लेकिन खाना खा." त्या दिवसापासून वरण घट्ट झालं, शेंगदाण्याची मूठ पदराच्या गाठीत राह्यली, अन् अंडी, जी मी माह्या आईसमोर कधी खाल्ली नसती, तीही उकडून खाल्ली. उपास महिन्याले एक ठेवला. देवाले सांगतलं, बाकीचे वैशाखानंतर फेडते.

टेपचा आकडा हलला नाही. पण एका सकाळी दुकानाचं शटर धरलं अन् ते खाडकन वर गेलं, माह्या एकटीच्या हातानं. रस्त्यानं जाणारा नेहमीचा एक जण मदतीले थांबला होता. मी त्याले म्हटलं, "जा आता, काय पाहून राह्यला?" तो गेला. मी शटर खाली ओढलं अन् पुन्हा वर केलं, उगीच.

चैत्रात रूपला पोलक्याचं माप द्यायले आली. बरोबर विकास. बाईच्या दुकानात बाईचं माप चालू असताना खुर्चीवर बसून राह्यला. मी म्हटलं, बाहेर बस. तो बसला नाही. कोपऱ्यात माहा तुरीचा कट्टा, रात्री सराव करायले आणलेला, ठेवला होता, त्याचं लक्ष गेलं.

"ह्या कट्ट्यावर प्रॅक्टिस का, मावशी?" म्हणत त्यानं तो एका झटक्यात उचलला, मोबाइलात फोटो काढला, अन् धपकन टाकला. फरशीले तडा गेला. मंग माह्याजवळ येऊन हळूच म्हणे, "टेन्शन नको घेऊ. तू दमली तं मी हायेच मागं. खालून हात देईन ना."

रूपलानं ऐकलं. तिनं आरशात स्वतःचा पदर नीट केला. मी तिच्या दंडावरची टेप जरा जास्तच आवळली.

त्या रात्री मले झोप आली नाही. "खालून हात देईन" हे कानातून जाईना.

वैशाखात लग्न. मेडशीत ऊन असं की मांडवाचा कपडाही तापलेला. वैभवी खोलीत शालू नेसून बसली होती, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळाले मुंडावळ्या. मले पाहून फक्त एवढंच बोलली, "जेवली का?" मी म्हटलं, "दोन भाकरी अन् वरण." ती हसली.

दारात इंद्रभान आडवा आला. मागं विकास, नवा कुर्ता, दंडावर ताणलेला.

"वैजू, बस झालं नाटक. सोडलेल्या बाईनं नवरी उचलायची नसते. अपशकुन होते."

"साखरपुड्याले आठवलं नाही का अपशकुन?"

"ते गमतीत बोललो मी!"

"गमतीत बोलायले भावकी कायले लागते?" हे मी नाही बोलली. हे रामकिसनबुवा बोलले, दाराच्या बाजूले खुर्ची टाकून बसलेले. "शब्द दिला हाये तू. उचलू दे तिले. पडली तं विकास हायेच."

इंद्रभान बाजूले झाला. त्याले वाटलं, पडीनच ही.

मी गुडघ्यातून बसली. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. वैभवीनं माह्या गळ्यात हात टाकला. मी तिले छातीले लावली अन् उभी राह्यली. कट्ट्यापेक्षा ती हलकी लागली, कारण कट्टा काही गळ्यात हात टाकत नाही. शालू चुरगळला. चुरगळू दे.

बाहेर बँड सुरू झाला. मी चालली. आधी दोन्हीकडच्या बाया फिदीफिदी करत होत्या, मंग एकेक गप झाली. साखरपुड्याले जिथं रांगोळीत बसलो होतो ती जागा मागं पडली. मांडवाचा मधला भाग आला. हातांत आग पडली होती, खांदे थरथरत होते, घाम डोळ्यांत उतरत होता, पण हात हातच होते, निसटत नव्हते. समोर अंतरपाट दिसून राह्यला होता.

अन् तेवढ्यात बाजूनं तो आला. "दमली, मावशी दमली! सरका, सरका!" असं ओरडत, हसत, सगळ्या गावाले ऐकू जाईन असं. अन् त्यानं वैभवीच्या खालून हात घातला.

पोट्टी माह्या हातांत लाकडासारखी झाली.

"हात काढ," मी म्हटलं.

"मदत करून राह्यलो ना."

बँडच्या आवाजात कोणाले काही ऐकू येत नव्हतं. लोकांले दिसत होतं ते एवढंच, की मामा हात देऊन राह्यला. माहे दोन्ही हात गुंतलेले. तिले सोडली तं ती पडते, थांबली तं तो मामा होते. एवढे महिने मी हात कमावले, अन् मारायले एकही मोकळा नव्हता. रागानं माह्या तोंडाले फेस यायचा बाकी होता.

मंग माह्या गळ्यातला एक हात सुटला. वैभवीचा. तिनं तो मागं नेला अन् बांगड्यांसकट विकासच्या थोबाडावर असा आणला की त्याचा आवाज बँडच्या वरून गेला. हिरव्या काचा त्याच्या नव्या कुर्त्यावर पडल्या. तो मागच्या मागं खुर्च्यांत गेला, अन् बँड थांबला.

"मामाले मारलं!" इंद्रभान धावत आला. "भर मांडवात मामाले मारलं! बेशरम पोट्टी! उतरव तिले खाली, वैजू!"

सगळा मांडव उभा राह्यला. वाशीमची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मले श्वास पुरत नव्हता, पण आवाज निघाला.

"कोण मामा? भावकीसमोर तुमीच म्हटलं होतं. जो उचलीन तो मामा. पोरगी माह्या हातांत हाये. म्हणजे मामा मी. मंग हा कोण? हा परका माणूस नवरीच्या आंगाले हात लावून राह्यला, अन् तुमी बाप असून विचारता, त्याले काहून मारलं?"

शब्द इंद्रभानचाच होता. त्यानं रामकिसनबुवांकडे पाह्यलं. बुवा उभे राह्यले होते. ते इंद्रभानकडे नाही, विकासकडे पाहत होते. मंग हळूहळू सगळेच त्याच्याकडे पाहू लागले. दंडावरचा वाघ कुर्त्यात झाकलेला होता, अन् गालावर बांगड्यांचे ओरखडे.

उत्कर्ष अंतरपाटाच्या बाजूनं पुढं आला. त्यानं मले नाही, वैभवीले विचारलं, "काय झालं?"

"नंतर सगळं सांगते," ती माह्या हातांवरूनच म्हणाली. "आधी त्याले मांडवाबाहेर काढा. मंग मी उतरते."

उत्कर्षनं मान हलवली. त्याच्या दोस्तांले काही सांगावं लागलं नाही. विकास स्वतःच उठला अन् चपला न घालता निघाला. रूपला त्याच्या मागं गेली नाही. ती मान खाली घालून बसून राह्यली.

तो मांडवाच्या बाहेर जाईपर्यंत मी पोरीले उचलून उभी होती. माहे हात कधीच संपले होते. कशानं धरून ठेवलं, मले आजही माहीत नाही. मंग उरलेली पावलं टाकली, अन् अंतरपाटासमोर तिले उभी केली. माहे हात वाकलेलेच राह्यले, सरळ होईनात. वैभवीनं ते आपल्या दोन्ही हातांनी दाबून खाली आणले. तिच्या मनगटावर काच लागून रक्त आलं होतं, ते माह्या पोलक्याच्या बाहीले लागलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी तिच्या मागं, मामाच्या जागेवर उभी राह्यली. इंद्रभान समोर होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मले त्याची दया आली नाही.